मेणबुवांची लाल फळी

बुवांच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी दोन्ही हात पुढे करावे लागत. नमस्काराला नव्हे, पिठाला. दाराशीच एका डब्यात डाळीचं पीठ ठेवलेलं असे. चिमूटभर पीठ तुमच्या तळहातावर पडे, वरून तांब्याची धार, आणि बुवा हुकूम सोडत, "घासा. बेचक्यांतून घासा. नखं बघू." पोस्टमन असो, दूधवाला भैया असो, विजेचं मीटर बघायला आलेला असो, की डोहाळजेवणाचं बोलावणं करायला आलेली शेजारीण असो, या पिठातून कुणाची सुटका नव्हती. हात कोरडे झाले की बुवा डोळे मिटायला लावत, मनगट धरून भिंतीपाशी नेत आणि म्हणत, "हं. आता बघा."

म्हणजे चित्र बघा. हाताने.

दूधवाल्याने पहिल्या दिवशी डोळे मिटून फळीवर हात फिरवला आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो हमारी भैंस की पीठ है." बुवा इतके खूश झाले की त्या महिन्यात दुधात किती पाणी होतं हे त्यांनी पाहिलंच नाही. चहा माझ्याही वाट्याचा पाणचट झाला, पण कलेसाठी सोसावं लागतं, असं ते मला म्हणाले.

मी तेव्हा नवा नवा नोकरीला लागलेलो आणि बुवांच्या पुढच्या खोलीत पोटभाडेकरू होतो. जागा बोरिवलीची. आताची बोरिवली डोळ्यांपुढून पुसून टाका. तेव्हा स्टेशनातून बाहेर पडलं की एक पानाची गादी, दोन टांगे आणि मग थेट जंगल. वाघ म्हणे डोंगरातून उतरून स्टेशनपर्यंत यायचा, शेवटची गाडी गेलेली बघायचा आणि हळहळत परत जायचा. मी वाघ पाहिला नाही. पण पानवाला शपथेवर सांगायचा की वाघाने एकदा सुपारी मागितली होती.

आमची चाळ पत्र्याची. चाळीने बुवांचं नाव मेणबुवा ठेवलं होतं. खरं नाव त्यांच्या आईला ठाऊक असेल. उंच, काटकुळे, डाव्या भुवईचा अर्धा भाग कायमचा जळालेला, त्यामुळे चेहऱ्यावर सदैव अर्धं आश्चर्य. पायजम्यावर इतकं मेण सांडलेलं की तो काढून ठेवला तरी कोपऱ्यात आपल्या पायांवर उभा राही. एका संध्याकाळी दिवे गेलेले असताना मी त्या पायजम्याला "बुवा, जेवलात का?" असं विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून दोन दिवस बुवांशी अबोला धरला.

बुवांची नोकरी म्हणाल तर गटारांचे नकाशे काढण्याची. कचेरीत दिवसभर पाठ वाकवून केसासारख्या बारीक रेषा ओढायच्या. "रेषेला लांबी असते, जाडी नसते," बुवा म्हणायचे. "माझा सगळा दिवस जाडी नसलेल्या गोष्टीत जातो. घरी आल्यावर तरी माणसाला जाडी नको?" आणि मग घरी आले की शेगडी पेटे.

शेगडीवर लोखंडी तवा, तव्यावर पितळी वाट्या, वाट्यांत मेण. मेण मधमाशीचंच. डोंगरातून मध विकायला येणाऱ्या बायकांकडून ते पोळ्यासकट घ्यायचे. मेणबत्तीचं मेण कुणी कौतुकाने आणून दिलं तर बुवांचा चेहरा देवाला डालडा दाखवल्यासारखा होई. मेणात थोडी राळ आणि रंगाची पूड. गेरू, काजळी, नीळ, शेंदूर. हे कढलं की ब्रश बुडवायचा आणि फळीवर ओढायचा. पण वाटीपासून फळीपर्यंत येईतो मेण थिजतं, म्हणून बुवा जागच्या जागी असे उड्या मारत की खालच्या बिऱ्हाडाने कीर्तनाला बसल्यासारखे टाळ काढले होते. मग सगळ्यात महत्त्वाचं काम. कोळशाची इस्त्री घेऊन ती थरावरून अलगद फिरवायची. वरचा थर वितळतो आणि खालच्याला धरतो. त्यावर पुन्हा थर. मग किसणीने खरवडायचं, करवंटीने कोरायचं, गोणपाट दाबून त्याची वीण उमटवायची. महिनाभरात फळीवर डोंगर, दऱ्या आणि ओढे तयार.

"थरावर थर नुसता बसून उपयोग नाही," ते इस्त्री हवेत नाचवत म्हणायचे. "एकजीव झाला पाहिजे."

हा एकजीव त्यांच्या तोंडात कायमचा बसला होता. आमटी ढवळताना, "एकजीव झाली का?" साहेब नवा आला, "कचेरीशी एकजीव होईल असं दिसत नाही." चाळीतल्या एका लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, "होतील ना हो एकजीव? नाहीतर उन्हाळ्यात सुटतात." बाप रडायलाच लागला. लोकांना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून.

ती इस्त्री माझी होती हे इथे सांगून टाकतो. माझा एकुलता एक चांगला पांढरा शर्ट मी तिच्यानेच कडक करून घाटकोपरला मुलगी बघायला गेलो. पुढून शर्ट चंद्रासारखा. मुलीच्या वडिलांना नमस्कार करायला वाकलो, तेव्हा मागे बसलेल्या आत्याबाईंना माझ्या पाठीवर शेंदराचा भला मोठा लालभडक पंजा दिसला. इस्त्रीला चिकटलेलं मेण, दुसरं काय. आत्याबाईंनी घाबरून विचारलं, "तुमच्याकडे कुणाच्या अंगात येतं का?" मी नाही म्हणालो, पण पाठ होय म्हणत होती. पोहे थंड व्हायच्या आत नकार आला.

बुवांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. एकजीव झाला नसतात." आणि मग शर्ट उलटा करून पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "थर मात्र काय बसलाय हो!" तो शर्ट मी पुढे चार पावसाळे रेनकोट म्हणून वापरला. पाठीवर थेंब टिकत नसे. पोटाला मात्र सर्दी व्हायची.

हे खूळ त्यांनी आणलं कुठून? तर कोकणातून. त्यांच्या गावच्या मारुतीला तिथला गुरव वर्षानुवर्षं शेंदराचा लेप द्यायचा. शेंदूर, तेल आणि त्यात मेण, कोमट करून तळहाताने चोपडायचा. बुवा लहान असताना एकदा भर उन्हाळ्यात मारुतीचं ते कवचच्या कवच गळून पडलं. गाव घाबरून गाऱ्हाणं घालायला बसला. बुवा मात्र त्या ढलपीची कड बघत बसले. थरावर थर, थरावर थर. एक फिका, एक गडद, एक काळपट. "आजोबांच्या वेळचा मारुती आत होता रे, आणि माझा वर!" हे सांगताना त्यांचा आवाज अजून बारीक व्हायचा. मोठेपणी त्यांनी कुठेतरी वाचलं की ग्रीक आणि इजिप्तचे लोक असलीच मेणाची चित्रं काढत. ते ऐकवून कुणी विद्वत्ता दाखवू लागला की बुवा म्हणत, "असतील काढत. गुरवाला विचारून काढली असतील."

मेणाची एक खोड आहे. ते न हाताळता ठेवलं की त्यावर पांढुरकी साय धरते, जुन्या द्राक्षावर असते तशी. तळहात फिरला की साय जाते आणि आतला रंग न्हाऊन निघाल्यासारखा चमकतो. म्हणून बुवांना माणसं लागत. घरी कुणी आलं नाही की त्यांची चित्रं पिकायला लागत. मग ते मला उठवत. "चला, हात धुवा. डोंगराला मोतीबिंदू झालाय."

एकदा मेणाच्या वासाने डोंगरातलं मधमाश्यांचं अख्खं मोहोळ खोलीत शिरलं. फळीवर बसलं, इकडून तिकडे चाललं, चर्चा केली आणि निघून गेलं. बुवा हिरमुसले. "नापास केलं," म्हणाले.

नापास व्हायची त्यांना सवय होती. शहरात एका कला मंडळाचं वार्षिक प्रदर्शन भरायचं. बुवा दरवर्षी एक फळी धोतरात गुंडाळून नेत, आणि दरवर्षी ती परत येई. चित्रवाले म्हणत, ही उंचसखल आहे, हे शिल्प झालं, शिल्पवाल्यांकडे न्या. शिल्पवाले म्हणत, ही भिंतीला टांगायची आहे, हे चित्र झालं, चित्रवाल्यांकडे न्या. बुवा जिन्यावरून खालीवर करत. एका वर्षी तिथल्या शिपायाला दया आली आणि त्याने ती फळी छत्र्यांच्या स्टँडमागे उभी केली. बुवांनी चाळीत पेढे वाटले.

त्यांना आयुष्यात एवढंच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, आपली फळी प्रदर्शनात असावी आणि अनोळखी माणसाने तिच्यावर हात ठेवावा. नोकरी संपत आली होती. त्यानंतर गावाला जायचं ठरलं होतं. तेव्हा जे काय व्हायचं ते त्याच वर्षी.

त्या वर्षीची फळी लाल होती.

चाळीच्या एका जुन्या कमानदार दाराची वरची निम्मी झडप, त्यामुळे आकार वरून गोल. लाकडात वर दोन गाठी होत्या, डोळ्यांसारख्या. आणि चित्र? चित्र होतं स्टेशनबाहेरच्या पानाच्या गादीमागच्या भिंतीचं. त्या भिंतीवर अवघी बोरिवली थुंकायची. वर्षानुवर्षांचे थर. ताजा लाल, कालचा विटकरी, गेल्या वर्षीचा काळा. बुवा रोज कचेरीतून येताना तिच्यापुढे अर्धा तास हात मागे बांधून उभे राहायचे. पानवाल्याला आधी वाटलं, आरोग्य खात्याचे असतील.

"अख्ख्या मुंबईत एवढे थर कुठे बघायला मिळणार?" ते मला म्हणायचे. "आणि एकजीव! ऊन काय इस्त्री करतं बघा."

त्या थुंकणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठा हात, नव्हे तोंड, आमच्याच चाळीतल्या नानांचं. नाना म्हणजे भजनी मंडळाचे पुढारी. डाव्या गालात कायम तंबाखूचं पान. मान किंचित वळवून ते अशी काही पिचकारी मारत की ती भिंतीवर कमळाच्या देठासारखी लफ्फेदार उमटे. बुवांनी त्या वळणाचा महिनाभर अभ्यास केला होता. फळीच्या बरोबर मधोमध, शेंदरात गेरू मिसळून, त्यांनी ती धार ओतली होती. उंचावलेली, गुळगुळीत, टोकाशी थेंब.

ही फळी बघायला त्या कला मंडळाचे चिटणीस खुद्द आले. रेशमी बुशकोट, सोनेरी चष्मा. बिचारे जवळच कुणाकडे जेवायला आले होते आणि बुवांनी त्यांना रस्त्यात गाठलं. डब्यातलं पीठ, तांब्या, नखं बघू, सगळं झालं. डोळे मिटून त्यांनी लाल फळीवर हात ठेवला. मग मधल्या धारेवरून बोट फिरवत म्हणाले, "सूर्यास्त ना?"

"नाही," बुवा म्हणाले, "थुंकी."

चिटणिसांनी हात चटकन मागे घेतला. वास घेतला. मग, मी स्वतः पाहिलं, त्यांनी तो हात परत तिथेच ठेवला. "अहो, काय विलक्षण माणूस आहात! ही सोमवारी संध्याकाळच्या आत पोचती करा. हीच."

"पण चित्र की शिल्प?"

"आधी पोचू द्या. मग आम्ही आपसांत मारामारी करतो."

बुवांनी कचेरीत सगळ्यांना सांगितलं. गटार खात्याचे साहेबही येतो म्हणाले.

आता पंचाईत अशी की महिना मे. आमच्या पत्र्याखाली त्या दिवसांत डोक्यावरचं तेल आपोआप कढायचं. फळी आत ठेवली असती तर सोमवारी नुसतं दार पोचलं असतं. चाळीमागे विहीर होती आणि विहिरीकाठी पिंपळ. तिथे गारवा असायचा. शनिवारी सकाळी बुवांनी फळी पिंपळाच्या बुंध्याला टेकवून उभी केली, आणि आम्ही दोघे अर्ध्या दिवसाच्या कचेरीला गेलो.

शनिवार. पिंपळ. शेंदूर. बुवा एवढे शहाणे, पण त्यांना यातलं काही सुचलं नाही. मलाही नाही.

दुपारी परत आलो तर चाळीच्या तोंडाशीच उदबत्तीचा वास. पिंपळाखाली ही गर्दी. लाल फळीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ, पुढे फोडलेला नारळ, आणि वरून ओघळणारं तेल. नाना टाळ घेऊन पुढे. दोन गाठींना कुणीतरी चांदीचे डोळेसुद्धा चिकटवले होते.

बुवांच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो हा, "तेल? मेणावर तेल घातलंत? थर सुटतील हो!"

"शनिवारी मारुतीला तेल नाही घालायचं तर काय कॉफी घालायची?" नाना म्हणाले.

झालं होतं असं. कोपऱ्यातल्या खोलीत एक मालवणी म्हातारी राहायची. सगळे तिला आये म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोजच्यासारखी ती विहिरीवर आली आणि आधारासाठी बुंध्याला हात लावायला गेली. हात पडला फळीवर. तिने तो उचललाच नाही. दुसरा हात ठेवला. मग अशी किंकाळी फोडली की विहिरीतली कासवं वर आली. "अगो बाय माझे! हो तर मारुती! झाडातसून इलो!"

रविवारी सकाळी बुवा पिंपळाखाली उभे राहिले. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. सोमवार उद्यावर आला होता. सगळी चाळ जमली होती.

"मंडळी," बुवा म्हणाले, "हे चित्र आहे. मी काढलंय. उद्या ते प्रदर्शनाला जायचंय."

"काढलं असेल तुम्ही," नाना म्हणाले. "देव कुणाच्या तरी हातून यायचाच. तुम्ही निमित्त. पण एकदा बसलेला देव उचलायचा म्हणजे काय गंमत आहे? चाळीची वाट लागेल, बुवा."

"अहो, देव नाही हा! मी सांगतो ना, मला ठाऊक आहे कशाचं चित्र आहे ते."

"कशाचं?"

बुवांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नको नको म्हणत होतो.

"स्टेशनबाहेरच्या भिंतीचं," बुवा म्हणाले. "पानाच्या पिचकाऱ्यांचं. आणि नाना, ही मधली मोठी धार आहे ना, ही तुमची."

बायका नानांकडे बघायला लागल्या. नानांचा डावा गाल तट्ट फुगलेला.

"हे वळण बघा," बुवांना आता राहवेना. "डावीकडे मान वळवून, जरा उंचावून, शेवटी हिसका देऊन. सगळ्या बोरिवलीत असं कुणी मारत नाही. मी महिनाभर पाहिलंय. खोटं वाटत असेल तर आत्ता एक मारून दाखवा, शेजारी ठेवून ताडून बघू."

नाना बोलायला तोंड उघडतील तर पुरावा बाहेर येणार. न बोलतील तर कबूल केल्यासारखं. त्यांचे डोळे मोठे झाले, कपाळावर घाम फुटला, आणि सगळ्या चाळीच्या देखत नानांनी तो अख्खा तोबरा गिळला. कंठमणी पाट्यावरच्या वरवंट्यासारखा खाली गेला आणि वर आला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"देव," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सर्वत्र आहे."

बायकांनी हात जोडले.

बुवा तरीही फळीकडे गेले आणि उचलायला वाकले. तर आडवी आली आये. एवढीशी म्हातारी, पण फळीला पाठ लावून उभी राहिली.

"खंय नेतंस माझ्या मारुतीक?"

"आये, तुम्हाला नीट दिसत नाही म्हणून तुमची चूक झाली. हा मारुती नाही हो."

"मेल्या, माका शिकवतंस?" आयेने तळहात त्यांच्या नाकासमोर धरला. "मोतीबिंदू डोळ्यांत पडलो हा, हातात नाय! चेडू होतंय तेव्हापासून मारुतीच्या पायार हात ठेवतंय. ह्यो माझो हात खोटा सांगतलो?"

मी बुवांकडे बघत होतो. ज्या माणसाने आयुष्यभर डोळे मिटायला लावून, मनगटं धरधरून लोकांना सांगितलं की डोळे फसतात, तळहात फसत नाही, त्याच्यासमोर हा तळहात उभा होता. सुरकुतलेला, शेंदराने माखलेला. आणि त्यातली मेख फक्त बुवांना आणि मला ठाऊक होती. हात फसला नव्हता. फळीवरचा लेप कोकणातल्या गुरवाचाच होता. तेच मेण, तोच शेंदूर, तीच थरावर थर देण्याची रीत. म्हातारीने चित्र नाही ओळखलं, हात ओळखला होता.

बुवा सरळ झाले. मग हळूच, परीक्षेचा निकाल विचारावा तसं त्यांनी विचारलं, "आये, एकजीव झालंय का?"

आये वळली. दोन्ही हातांनी फळी वरपासून खालपर्यंत चाचपू लागली. "हंयसर मऊ असा. हंयसर खरखरीत, असूचाच. ही धार बरी इली हा. जीव लावन केलेला असा कोणीतरी." मग खालच्या डाव्या कोपऱ्याशी तिचं बोट थांबलं. "फकत हंयसर. हंयसर जरा सुटल्यासारख्या वाटता."

बुवा गुडघ्यावर बसले. डोळे मिटले. कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"अरेच्चा!" ते ओरडले. "सुटलंय! खरंच सुटलंय! चिटणिसाला नाही कळलं हो!" आणि माझ्याकडे वळून, "उभे काय राहिलात? इस्त्री आणा! निखारे चांगले लाल करून आणा!"

आणि मग त्या रविवारी, भर चाळीसमोर, बुवांनी देवाला इस्त्री केली. नाना घंटा वाजवत होते. बायका कुंकवाच्या कोयऱ्या घेऊन उभ्या होत्या. इस्त्री फिरली, मेण ओलसर चमकलं, आणि आयेने थंड झाल्यावर हात ठेवून निकाल दिला, "आता झालो."

लाल फळीला त्यानंतर कुणी हात घातला नाही. म्हणजे घातला, सगळ्यांनीच घातला, पण उचलायला नाही.

सोमवारी बुवांनी धोतरात दुसरीच फळी गुंडाळली. काजळी आणि निळीत रंगवलेलं पावसाळ्यातलं गटार. चिटणीस रागावले, पण शब्द दिलेला होता. त्यांनी ती टांगली. प्रदर्शनाला आम्ही आयेलाही घेऊन गेलो. "बुवांचो दुसरो देव बघूक" येते म्हणून हट्टच धरला तिने. मोठा दिवाणखाना, पंखे, खाली गालिचा. बुवांची फळी छान उजेडात होती. तिच्यापुढे जाड सुताची दोरी आणि दोरीला पाटी, हात लावू नये.

न हाताळता टांगल्यामुळे फळीवर साय धरली होती. गटार पांढरं पडलं होतं. समोर दोन गृहस्थ मान तिरकी करून उभे होते. "धुकं काय पकडलंय!" एक दुसऱ्याला सांगत होता.

"पुसायला हवंय," बुवा माझ्या कानात पुटपुटले.

आयेने सवयीने हात पुढे केला. पहारेकरी धावत आला. "ए आजी! हात नाय लावायचा. बघायचं फक्त."

आये थबकली. पांढऱ्या झालेल्या डोळ्यांनी तिने आवाजाच्या दिशेला पाहिलं आणि खरोखरच काही न कळून विचारलं, "मगे बघूचा कसा?"

पहारेकऱ्याने पाटीकडे बोट दाखवलं. गटार खात्याचे साहेब येऊन गेले, चांगलं आहे म्हणाले, पण बुवांचं लक्ष नव्हतं. बोरिवलीला उतरल्यावर ते सरळ पिंपळाखाली गेले, चपला काढल्या, आणि आपल्याच फळीवर हात ठेवून उभे राहिले. ती आरशासारखी चमकत होती. सकाळपासून किती तळहात फिरले होते कोण जाणे.

ते गावाला गेलेच नाहीत. नोकरी संपल्यावर दर शनिवारी तवा, वाट्या आणि माझी इस्त्री घेऊन पिंपळाखाली बसू लागले. आधी आये हात फिरवून सुटलेली जागा दाखवायची, मग बुवा थर द्यायचे. लोक त्यांना नमस्कार करायला लागले तेव्हा ते प्रत्येकाचे हात बघायचे आणि पिठाच्या डब्याकडे बोट दाखवायचे. सगळ्या मुंबईत इतके स्वच्छ हातांचे भक्त दुसऱ्या कुठल्या देवाला लाभले नसतील. नानांनी पान सोडलं नाही, पण थुंकणं सोडलं. त्या भिंतीपुढून जाताना ते हात जोडायचे आणि गिळायचे.

आता बुवा नाहीत, आये नाही. गेल्या वर्षी सहज त्या बाजूला गेलो होतो. चाळीच्या जागी उंच इमारत झाली आहे, विहीर बुजली, पिंपळ मात्र राहिला आहे आणि त्याच्या बुंध्याला संगमरवरी देऊळ. आत बुवांची लाल फळी. पुढे पोलादी जाळी, जाळीवर पितळी पाटी, मूर्तीस हात लावू नये. देव पांढराफटक पडला होता. पुजारी एका भक्ताला सांगत होता की हे भस्म आहे, आपोआप प्रकटतं.

मी बाहेरच्या नळावर गेलो. डाळीचं पीठ नव्हतं. तसेच हात धुतले, बेचक्यांतून घासून, नखं बघून. पुजारी आरतीचं ताट आणायला आत वळला तसा मी जाळीतून हात घातला, डोळे मिटले आणि तळहात मधोमध ठेवला. नानांची धार लागलीच सापडली. डावीकडून उंचावत येणारी, शेवटी हिसका. दोनदा हात फिरवला आणि डोळे उघडले. तेवढ्या पट्ट्यात शेंदूर लखलखत होता, काल ओतल्यासारखा.

"ओ काका!" पुजारी ताट घेऊन धावत आला. "पाटी वाचता येत नाही? हात नाही लावायचा!"

"मग बघायचं कसं?" मी विचारलं.